कुलुपातला नकाशा वर्गात कसा आला?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, फक्त अडखळणं काढून टाकलंय.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, ‘हा तर भूगोल झाला!’ बरोबर आहे. पण भूगोल शिकवण्यालाही एक इतिहास असतो. गोष्ट सुरू करतो मार्च २०२० पासून.

त्या वर्षी महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेला सतरा लाखांच्या वर मुलं बसली होती. भाषांचे पेपर झाले, गणित झालं, विज्ञान झालं, इतिहासही झाला. राहिला होता शेवटचा, चाळीस गुणांचा भूगोल. तो २३ मार्चला होता. कोरोनामुळे आधी तो पुढे ढकलला आणि एप्रिलमध्ये सरळ रद्द केला. बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून भूगोलाचे गुण दिले गेले. त्यावर भरपूर विनोद झाले. ‘अभ्यास केलेल्यांचं नुकसान, न केलेल्यांचा फायदा’ वगैरे.

आता गंमत बघा. पेपर रद्द झाला, आणि लगेच सगळा देश नकाशे वाचायला बसला. लाल जिल्हा, नारिंगी जिल्हा, हिरवा जिल्हा. रोज संध्याकाळी मोबाइलवर रंगीत नकाशा यायचा आणि घरातली आजीसुद्धा विचारायची, ‘आपला कुठला रंग?’ मुलांनी नववीच्या पहिल्याच धड्यात ‘वितरणाचे नकाशे’ शिकले होते. टिंब पद्धत, क्षेत्रघनी पद्धत, समघनी पद्धत. हा जिल्ह्याजिल्ह्याला रंग दिलेला नकाशा म्हणजे क्षेत्रघनी पद्धतच. त्या पद्धतीची मर्यादाही पुस्तकातलीच आहे. अख्ख्या जिल्ह्याला एकच रंग मिळतो, मग आत परिस्थिती कितीही वेगळी असो. ‘आमच्या तालुक्यात एकही रुग्ण नाही, मग आम्ही लाल का?’ हा तेव्हाचा प्रश्न राजकीय होता, प्रशासकीय होता, आणि अगदी शुद्ध भूगोलाचा होता.

म्हणजे परीक्षेतून भूगोल गेला आणि त्याच महिन्यात तो प्रत्येकाच्या हातात आला. हे शक्य झालं, कारण तोपर्यंत नकाशा इंटरनेटवर उघडा झाला होता. पण तो तिथवर यायला दोनशे वर्षं लागली. आज ती वाट बघू, आणि मग शिक्षकांनी या ऑनलाइन साधनांचं करायचं काय, तेही बोलू.

मोजणारे आणि पाठ करणारे

वर्धा जिल्ह्यातलं हिंगणघाट आपल्याला कापसासाठी माहीत आहे. तिथं एका इंग्रज माणसाची कबर आहे, विल्यम लॅम्बटनची. १८०२ च्या एप्रिलमध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी या माणसानं जमिनीवर एक सरळ रेषा साखळीनं मोजायला घेतली. तत्त्व आपल्या शाळेतल्या भूमितीचंच: त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू काढता येतात. मग त्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्यावर आणखी पुढचा. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट डोंगरांवर, देवळांच्या शिखरांवर चढवत ही त्रिकोणांची माळ उत्तरेकडे सरकत राहिली. काम चालू असतानाच १८२३ मध्ये लॅम्बटन हिंगणघाटला वारला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टनं ती माळ हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली.

हे सगळं कशासाठी? सर्व्हे ऑफ इंडिया या खात्याची सुरुवात १७६७ मधली, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली. कंपनीला सारा वसूल करायचा होता, फौजा हलवायच्या होत्या, रस्ते काढायचे होते. नकाशा हे राज्य करण्याचं हत्यार होतं, आणि हत्यार कुणी वाटत फिरत नाही.

याच काळातला आणखी एक माणूस मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो शाळामास्तर होता. नैनसिंग रावत. आजच्या उत्तराखंडातल्या मिलम गावचा. तिबेटमध्ये परक्यांना मज्जाव होता, म्हणून सर्वेक्षण खात्यानं पहाडातल्या माणसांना प्रशिक्षण देऊन यात्रेकरूंच्या वेषात तिकडं पाठवलं. नैनसिंग १८६६ च्या सुरुवातीला ल्हासाला पोचला. ठरावीक लांबीचं पाऊल टाकायचं, शंभर पावलं झाली की जपमाळेचा एक मणी ओढायचा. माळेत मणीही १०८ नव्हते, मोजणी सोपी पडावी म्हणून १०० केले होते. बौद्धांच्या प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी नोंदींचे कागद. पाणी किती तापमानाला उकळतं ते बघून उंची काढायची. ल्हासाचं स्थान आणि उंची जगाला कळली ती या मास्तरामुळे. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं त्याला सुवर्णपदक दिलं.

नैनसिंग लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचंय.

आता त्याच काळातल्या आणि नंतरच्या शाळा डोळ्यांपुढे आणा. मोजणारे वेगळे आणि शिकणारे वेगळे, अशी सरळ विभागणी झाली होती. मुलांच्या वाट्याला आला भिंतीवरचा कापडी नकाशा. वर-खाली लाकडी दांडी, मध्ये घडीच्या रेघेवर फाटलेला, आणि बहुतेक वेळा मुख्याध्यापकांच्या कपाटामागे गुंडाळून ठेवलेला. त्यावर छडी फिरायची. नद्या, डोंगररांगा, राजधान्या, पिकं. ‘नकाशा आराखड्यात दाखवा’ या प्रश्नासाठी शिवणकामासारखा सराव. भूगोल म्हणजे नावं, आणि नावं म्हणजे पाठांतर, हे समीकरण तिथं घट्ट झालं.

जवळचाच नकाशा बंद

महाराष्ट्रात भूगोल शिकवण्याचा जुना क्रम तुम्हाला आठवत असेल. तिसरीला आपला जिल्हा, चौथीला महाराष्ट्र, मग भारत, मग जग. जवळून दूर जायचं. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीनं हा क्रम उत्तम आहे. १९६७ मध्ये बालभारतीची स्थापना झाली, एकसारखी आणि स्वस्त पुस्तकं खेड्यापाड्यात पोचायला लागली, हेही फार मोठं काम झालं.

पण एक अडचण होती, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. अभ्यासक्रम सांगत होता, आधी आपला परिसर बघा. आणि नेमका परिसराचाच नकाशा मिळत नव्हता. जगाचा नकाशा बाजारात कुठंही मिळायचा. भारताचा, महाराष्ट्राचाही मिळायचा. जिल्ह्याचा शोधाशोध करून मिळायचा. पण आपलं गाव, गावाशेजारचा ओढा, मागची टेकडी, टेकडीच्या समोच्च रेषा हे सगळं ज्यात दिसतं तो सर्व्हे ऑफ इंडियाचा स्थलनिर्देशक नकाशा, आपण ज्याला टोपोशीट म्हणतो तो, शाळेच्या हाती पडणं मुश्कील होतं.

साठच्या दशकात दोन युद्धं झाली, त्यानंतर नकाशांवरचे निर्बंध कडक झाले. देशाच्या जमिनीवरच्या सीमेपासून आणि समुद्रकिनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातले तपशीलवार नकाशे ‘प्रतिबंधित’ ठरले. आता किनाऱ्यापासून ८० किलोमीटर म्हणजे किती, ते बघा. मुंबई त्यात गेली. कोकण जवळजवळ सगळं गेलं. आणि गोवा तर पूर्ण गेला, कारण गोव्याची रुंदीच तेवढी नाही! म्हणजे रत्नागिरीतल्या मुलाला ब्राझीलच्या पठाराचा नकाशा सहज मिळत होता, पण स्वतःच्या खाडीचा नाही. कॉलेजच्या भूगोल विभागांनाही असे नकाशे हवे असले तर मागणीपत्र, वरिष्ठांची सही, आणि मिळाल्यावर ते नीट सांभाळून कुलुपात ठेवायची जबाबदारी.

सुरक्षेचं कारण तेव्हा खोटं नव्हतं. पण वर्गात त्याचा परिणाम असा झाला, की शिक्षकानं परिसर शिकवायचा तो नकाशाशिवाय. आणि नकाशाशिवायचा परिसर म्हणजे पुन्हा यादी: आपल्या जिल्ह्यातील नद्या, आपल्या जिल्ह्यातील पिके, आपल्या जिल्ह्यातील प्रेक्षणीय स्थळे.

आकाशातून आलेला भूगोल

कुलूप उघडलं ते कपाटाच्या बाजूनं नाही, वरून, आकाशातून. तेही एका झटक्यात नाही.

१ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर भारतात ‘साइट’ नावाचा प्रयोग चालला. एटीएस-६ हा अमेरिकेचा उपग्रह, आपल्या इस्रोची यंत्रणा, आणि सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत बसवलेले टीव्ही. सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडे त्या वळणाची गोष्ट घडली ती १९८४ मध्ये, पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली तेव्हा. एका पिढीला ती अजून आठवते. दूरदर्शनवर शाळेच्या वेळात लागणारे ते कार्यक्रम, आणि त्यात पहिल्यांदा दिसलेला हलणारा ज्वालामुखी किंवा बर्फ. २०१७ मध्ये ती संस्था बंद पडली.

टीव्हीनं मुलांना जग दाखवलं, यात शंका नाही. पण टीव्हीसमोरचं मूल फक्त बघू शकत होतं. ‘थांबा, ती नदी पुढं कुठं जाते?’ असं त्याला विचारता येत नव्हतं. चित्र पुढं सरकून गेलेलं असायचं.

दुसरीकडे, वरून पृथ्वीचे फोटो काढणंही चालू होतं. अमेरिकेचा पहिला लँडसॅट १९७२ चा. भारताचा आयआरएस-१ए हा दूरसंवेदन उपग्रह मार्च १९८८ मध्ये गेला. पण ही चित्रं शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत आणि सरकारी कार्यालयात. शाळेत त्यांचं एखादं काळपट छापील चित्र पोचलं तर पोचलं.

मग आलं २००५. हे वर्ष आपल्या गोष्टीत फार महत्त्वाचं आहे, कारण त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. मे महिन्यात भारत सरकारनं राष्ट्रीय नकाशा धोरण जाहीर केलं. नकाशांच्या दोन मालिका ठरल्या, एक संरक्षण दलांसाठी आणि दुसरी सगळ्यांसाठी खुली. जूनमध्ये गूगल अर्थ आलं. आणि ऑक्टोबरमध्ये खुद्द राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी गूगल अर्थवर आपल्या संवेदनशील जागा दिसतात, यावर जाहीर चिंता व्यक्त केली. कलाम म्हणजे स्वतः रॉकेटवाला माणूस, तंत्रज्ञानाला घाबरणारा नव्हे. म्हणजे प्रश्न किती खरा होता ते लक्षात येतं. इकडं सरकार कपाटाचं दार जरासं किलकिलं करत होतं, आणि तिकडं घराचं छप्परच उडालं होतं!

पुढची पंधरा वर्षं ही ओढाताण चालली. ऑगस्ट २००९ मध्ये इस्रोनं स्वतःचं ‘भुवन’ हे संकेतस्थळ सुरू केलं. नंतर त्यात ‘स्कूल भुवन’ हा शाळांसाठीचा विभागही आला, एनसीईआरटीच्या पुस्तकांना जोडून नकाशे देणारा. २०१६ मध्ये मात्र भूस्थानिक माहितीवर नियंत्रण आणणाऱ्या एका विधेयकाचा मसुदा आला. भारताचा नकाशा चुकीचा दाखवला तर १० लाखांपासून १०० कोटी रुपयांपर्यंत दंड आणि सात वर्षांपर्यंत तुरुंगवास, अशी त्यात तरतूद होती. बराच गदारोळ झाला, तो कायदा काही झाला नाही. २०१७ मध्ये सर्व्हे ऑफ इंडियाला २५० वर्षं झाली, त्या निमित्तानं खुल्या मालिकेतले १:५०,००० प्रमाणाचे नकाशे आधार क्रमांक देऊन फुकट उतरवून घ्यायची सोय झाली. आणि १५ फेब्रुवारी २०२१ ला नवे नियम आले, त्यांनी भारतीयांसाठी नकाशे करण्यावरच्या आणि वापरण्यावरच्या बहुतेक पूर्वपरवानग्या काढून टाकल्या.

लॅम्बटनच्या साखळीपासून इथवर दोनशे एकोणीस वर्षं झाली. नकाशा सुटला. आता प्रश्न वर्गाचा.

पडद्यावर काय दाखवायचं, त्याआधी काय विचारायचं

मला स्पष्टच सांगायचंय. नकाशा मोकळा झाला म्हणून भूगोल आपोआप बदलत नाही. डिजिटल वर्गात प्रोजेक्टरवर गूगल अर्थ उघडून ‘ही बघा गोदावरी’ म्हटलं, तर तो जुना कापडी नकाशाच झाला, फक्त विजेवर चालणारा. छडीच्या जागी माउस आला, एवढंच. फरक पडतो तो मुलांना उत्तर शोधावं लागेल असा प्रश्न आधी विचारल्यावर. तीन उदाहरणं देतो, तिन्ही आठवी ते दहावीच्या वर्गात करता येतील.

पहिलं, मोसमी वारे. पुस्तकात नैर्ऋत्येकडून येणारे बाण असतात. मुलं ते पाठ करतात आणि परीक्षेत काढतात. २०१३ पासून ‘अर्थ नलस्कूल’ नावाचं एक संकेतस्थळ आहे, त्यावर सगळ्या पृथ्वीवरचा आत्ताचा वारा हलत्या रेषांमध्ये दिसतो. मागची तारीखही लावता येते. जुलैची एक तारीख लावा आणि मुलांना अरबी समुद्रावरचा वारा मागं मागं शोधत न्यायला सांगा. तो येतो विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून, सोमालियाच्या किनाऱ्याजवळ उजवीकडे वळतो आणि मग आपल्याकडे येतो. आता विचारा, ‘हा सरळ उत्तरेला का गेला नाही? वळला का?’ पृथ्वीच्या परिवलनाचा धडा तिथं सुरू होतो. नंतर जानेवारीची तारीख लावा. वारा उलटा. ‘मोसमी’ या शब्दाचा अर्थ मुलं स्वतःच सांगतात.

याला जोडूनच सह्याद्री. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, आणि तीसेक किलोमीटरवरच्या वाईत हजाराच्या आत. ‘भौगोलिक कारणे लिहा’मध्ये आपण पर्जन्यछाया असं उत्तर लिहून मोकळे होतो. गूगल अर्थमध्ये कोकणाच्या बाजूनं उभं राहून चित्र तिरकं करा. समोर भिंतीसारखा कडा येतो. पलीकडे जा, उतार हळूहळू पसरत जातो. ढगाला काय करावं लागत असेल, ते सांगायला मग गाइड लागत नाही.

दुसरं, लोणार. जून २०२० मध्ये, म्हणजे भूगोलाचा पेपर रद्द झाल्यावर दोनच महिन्यांनी, लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. मे अखेरचं आणि जूनमधलं अशी दोन उपग्रहचित्रं नासानं प्रसिद्ध केली, एकात हिरवट आणि दुसऱ्यात गुलाबी. ती दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवा आणि मुलांना अंदाज करू द्या. कुणी म्हणेल प्रदूषण, कुणी म्हणेल ऊन, कुणी म्हणेल देवाचा कोप. प्रत्येक अंदाजाला विचारा, ‘हे खरं असेल तर आणखी काय दिसायला हवं?’ खारं पाणी, आटलेली पातळी, आणि खारटपणात वाढणारे रंगीत सूक्ष्मजीव, हे शास्त्रज्ञांनी दिलेलं कारण शेवटी सांगा. आधी नाही.

तिसरं, काळ. भूगोलात काळ दाखवणं पूर्वी फार अवघड होतं. पुस्तकातला नकाशा म्हणजे एक थांबलेला क्षण. लँडसॅटचं जुनं भांडार २००८ मध्ये सगळ्यांना मोफत झालं, आणि त्यातून गूगलची टाइमलॅप्स ही सोय आली. १९८४ पासून वर्षावर्षानं एखादी जागा कशी बदलली, ते दिसतं. पनवेलजवळ उलव्याला जा. विमानतळासाठी कापलेली टेकडी, वळवलेली उलवे नदी आणि भराव घातलेली खाजणं दिसतात. इथं मुलांना ‘विकास चांगला की वाईट’ असा निबंध देऊ नका, त्याची उत्तरं तयार असतात. विचारा, ‘पूर्वी भरतीचं पाणी कुठं थांबत होतं? आता ते कुठं जाईल?’ हा प्रश्न मुंबईच्या आसपास राहणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घराशी येऊन थांबतो.

आणि या तिन्हीच्या आधी करायची एक छोटी गोष्ट. मुलांना शाळेच्या झेंड्याच्या खांबापाशी न्या आणि मोबाइलवर अक्षांश-रेखांश बघा. समजा अक्षांश साडेअठरा निघाले. कर्कवृत्त साडेतेवीसच्या आसपास. फरक पाच अंशांचा. एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. म्हणजे आपल्या खांबापासून कर्कवृत्त साडेपाचशे किलोमीटर उत्तरेला! पुस्तकातली ती तुटक रेघ पहिल्यांदाच खऱ्या जमिनीवर येते.

पडद्यावरचा नकाशाही कुणीतरी काढलेला असतो

आता थोडं सावध व्हायचं. छापील नकाशावर आपण आंधळा विश्वास ठेवायचो, तोच विश्वास मुलं आज मोबाइलवर ठेवतात.

मोबाइलवरचे बहुतेक सपाट नकाशे मर्केटर प्रक्षेपणाच्या वळणाचे असतात. मर्केटरनं ते १५६९ मध्ये खलाशांसाठी काढलं होतं, दिशा बरोबर याव्यात म्हणून. ध्रुवांकडचे देश त्यात फुगतात. मुलांना सपाट नकाशावर विचारा, ग्रीनलंड मोठं की भारत? सगळी म्हणतील ग्रीनलंड. मग आकडे द्या: ग्रीनलंड सुमारे २१.६६ लाख चौरस किलोमीटर आणि भारत ३२.८७ लाख. वर्गात पाच मिनिटं शांतता पसरते. मग पृथ्वीगोल काढा, तो धूळ खात पडलेला असतोच.

सीमांचंही तसंच. एकाच कंपनीच्या नकाशात काश्मीरची सीमा भारतातून बघताना एक दिसते आणि परदेशातून बघताना वेगळी, तुटक. आपल्या शाळेसाठी सर्व्हे ऑफ इंडियाचीच सीमा प्रमाण, हे शिक्षकानं स्पष्ट सांगायलाच हवं. पण असं वेगळं का दिसतं, हेही नववी-दहावीच्या मुलाला कळायला हरकत नाही.

आणि नकाशातल्या रिकाम्या जागा? ऑनलाइन नकाशावर शहरातली केकची दुकानं असतात, आणि डोंगरातला पाडा नसतो. वाडीची विहीर नसते. उन्हाळ्यात टँकर कुठं थांबतो, ते नसतं. इथं मला नैनसिंग रावत आठवतो. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये ओपन स्ट्रीट मॅप सुरू झाला, लोकांनीच भरायचा नकाशा. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा जगभरातल्या लोकांनी घरबसल्या उपग्रहचित्रं बघून राजधानीचे रस्ते त्यात भरले आणि मदतपथकांनी ते वापरले. आपल्या शाळेच्या मुलांनी गावाची विहीर, पाणवठा, ओढ्यावरचा साकव फिरून टिपला आणि शिक्षकांनी आपल्या खात्यावरून तो भरला, तर मोजणारे आणि शिकणारे ही जुनी विभागणी त्या दिवशी त्या गावापुरती मोडते. पावलं मोजायला जपमाळही लागत नाही.

आणि ज्यांच्याकडे फोन नाही?

हा प्रश्न टाळून पुढं जाता येणार नाही. २०२० मध्ये ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावानं राज्यात ऑनलाइन अभ्यासमाला गेली. त्याच्या आधीपासून, २०१७ पासून, दीक्षा हे व्यासपीठ होतं, पुस्तकातल्या क्यूआर कोडमधून धड्यांचे व्हिडिओ उघडत होते. पण घरात एकच फोन, तो वडिलांबरोबर कामावर, आणि रेंजसाठी टेकडीवर चढणारी मुलं, हे चित्रही आपण त्याच वर्षी पाहिलं. गंमत म्हणजे ‘रेंज टेकडीवरच का मिळते?’ हासुद्धा भूगोलाचाच प्रश्न आहे. पण ज्याला रोज चढावं लागतं, त्याच्यासाठी ती गंमत नसते.

म्हणून ऑनलाइन साधनं वापरायची म्हणजे प्रत्येक मुलाच्या हातात पडदा हवा, हा आग्रह सोडायला हवा. एका शिक्षकाचा एक फोन पुरतो, जर तयारी आदल्या दिवशी केली तर. उपग्रहचित्राचे दोन स्क्रीनशॉट, एक जुना, एक नवा, काळ्यापांढऱ्यात छापून गटागटात वाटा. गावाचं टोपोशीट उतरवून घ्या, छापून आणा, आणि त्यावरच्या समोच्च रेषांवर दोऱ्यानं, पुठ्ठ्यानं टेकडी उभी करा. मग मुलांना घेऊन त्या टेकडीवर जा. दहावीच्या पुस्तकातला पहिला धडा क्षेत्रभेटीचाच आहे, तो वाचून दाखवण्यासाठी नाही.

अडथळा यंत्राचा कमी आणि प्रश्नपत्रिकेचा जास्त आहे. परीक्षेत जोपर्यंत ‘नावे दाखवा’ला गुण आहेत आणि ‘असं का?’ला कमी, तोपर्यंत शिक्षकानं तासाचे चाळीस मिनिट टाइमलॅप्सवर का घालवावेत? पालकही विचारतात, ‘याचे किती मार्क?’ त्यांची चूक नाही. ज्या काळात नकाशा दुर्मीळ होता, त्या काळात नावं डोक्यात भरून ठेवण्याला अर्थ होता. डोकं हीच नकाशावही होती. आज नाव दोन सेकंदांत सापडतं. सापडत नाही ते हे, की उताराच्या पायथ्याशी घर बांधावं का, नदीच्या वळणावर प्लॉट घ्यावा का. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. दरडी का कोसळतात, हा धडा पुस्तकात असतो. पण आपल्या गावाच्या मागचा उतार किती तीव्र आहे, त्यावर काय बदललंय, पाणी कुठून उतरतं, हे वाचता येणं म्हणजे भूगोल येणं. त्याला लागणारा नकाशा आता कुलुपात नाही, एवढाच काय तो या सगळ्या इतिहासाचा फायदा. तो घ्यायचा की नाही, हे वर्गात ठरतं.

ऐकणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. येत्या आठवड्यात फक्त एक तास काढा. वर्गाला विचारा, ‘आपल्या गावातलं पाणी शेवटी कुठल्या समुद्राला मिळतं, आणि कुठून कुठून जातं?’ आधी अंदाज फळ्यावर लिहा. मग नकाशा उघडा, ओढ्यापासून सुरुवात करा आणि पाण्याबरोबर चालत राहा. सह्याद्रीच्या पूर्वेच्या कितीतरी गावांतली मुलं, समुद्र पश्चिमेला शंभर किलोमीटरवर असताना, आपलं पाणी हजार किलोमीटर लांब बंगालच्या उपसागराला जातं हे बघून चकित होतील. ती काय म्हणाली, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटूच. नमस्कार.